आमचं सामान अमेरिकेत असतं

आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. सकाळी शटर वर केलं की टाइपरायटरवरच्या धुळीसारखे ते आधीच येऊन बसलेले असतात. फडकं मारलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. त्यात गेल्या वर्षी मालकांनी, म्हणजे बोरुडे काकांनी, मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक मोडेम आणून बसवला आणि बाहेर 'इंटरनेट' असा बोर्ड लावला. तेव्हापासून फडकं मारायलाही सवड नाही.

माणसं आम्ही तीनच. बोरुडे काका, शांतवनमामा आणि मी. मामा तीस वर्षं मराठी टायपिंग शिकवतात. निम्म्या नगरच्या कचेऱ्यांतले कारकून त्यांच्या हाताखालून गेलेत. मी प्रज्ञा, बीएस्सी झाल्या झाल्या कॉम्प्युटरच्या खोलीत रुजू झाले. जिल्ह्यातला सगळा अन्याय दिवाळीपर्यंत संपवायचा, असा साधारण बेत होता.

पुढचं सगळं आज हसत सांगता येतं, कारण त्यात माझ्यामुळं एका बाईची नोकरी जाणार होती आणि ती गेली नाही. तिला मी सुनीता म्हणते. खरं नाव वेगळं आहे. एवढं तरी मी शिकले.

*

मोडेम आल्यावर मी पहिलं काम केलं ते 'कट्टा' काढण्याचं. एका अमेरिकन साइटवर फुकट जागा मिळत होती. तिथं आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींनी नाव, गाव, फोटो टाकायचा आणि एकमेकांना चार ओळी लिहायच्या. पारनेरच्या मुलानं खर्ड्याच्या मुलाला किल्ल्याबद्दल विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. शिवाय त्याच जागेत फाइली ठेवायला एक गोदाम मिळायचं. फ्लॉप्या आमच्याकडच्या धुळीत महिनाभरही टिकत नाहीत, म्हणून मला त्या गोदामाचं फार अप्रूप.

काकांनी विचारलं, "ठेवलेलं सामान ऱ्हातं कुठं?"

"अमेरिकेत."

"कुणाच्या घरी?"

"घरी नाही काका, कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"वळखीची माणसं आहेत का?"

"नाहीत."

"मग कुलूप कुणाचं?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. तो अगदी बरोबर प्रश्न होता, हे कळायला पुढं पाच महिने लागले. साइटवर एक चौकोन होता: तुमच्या फाइली फक्त तुम्हाला दिसाव्यात की सगळ्यांना? मी 'सगळ्यांना'वर खूण केली आणि काकांना एक भाषणच दिलं. माहिती लपवणाऱ्यांनीच हा देश मागे ठेवलाय, माहितीला कुलूप नसतं, वगैरे.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. पण माझं रेशनकार्ड तेवढं त्यात टाकू नको."

नवा स्कॅनर चालतो का ते बघायला मी कालच ते टाकलं होतं.

*

शांतवनमामा खोटं बोलत नाहीत. ते चर्चच्या पंचांत आहेत म्हणून नव्हे, त्यांना ते जमतच नाही. काकांना याचा फार जाच होतो.

एकदा मशीन दुरुस्तीवाल्याचा फोन आला. काका समोरच्या खुर्चीत बसून हातानं खुणा करत होते, नाही म्हणून सांगा, नाही म्हणून सांगा. मामांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाले, "मग आधी बाहेर जा."

"अहो, नुसतं सांगायचंय."

"तुम्ही आत असताना बाहेर आहात असं कसं सांगू? बाहेर जा, मग सांगतो."

काका उठून पायरीवर गेले. दिल्लीगेटच्या एप्रिलमधल्या उन्हात उभे राहिले. मग मामा फोनवर म्हणाले, "बोरुडे बाहेर आहेत."

पलीकडच्यानं काहीतरी विचारलं. मामा म्हणाले, "हो, दिसतायत मला. बोलावू?"

*

मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर दिसायला एक फॉन्ट लागतो. तो आम्ही पुण्याहून फ्लॉपीवर आणला. फॉन्ट असला की 'नगरपालिका' दिसतं, नसला की त्याच जागी इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंबं आणि कंस यांची खिचडी.

एकदा कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला आणि त्या मशीनवरचा फॉन्टच गेला. नेमके तेव्हा एक गुरुजी बदलीचा अर्ज न्यायला आले होते. शिक्षण अधिकाऱ्यांकडं अर्ज द्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती. प्रिंट काढला तर पानभर नुसती खिचडी. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं.

मामांनी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागले: "महोदय, मी गेली अकरा वर्षे दुर्गम भागात..."

मी बघतच राहिले. मामांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "आपला फॉन्ट टाइपरायटरच्याच कळफलकावर बसवलाय. कुठल्या इंग्रजी अक्षराखाली कुठलं मराठी अक्षर आहे, ते माझ्या बोटांना माहीत आहे. डोळ्यांना फक्त बोटांना विचारावं लागतं."

ते वाचत गेले, मी हातानं लिहून काढलं. गुरुजी सही करून पळाले. जाताना एवढंच म्हणाले, "मामा, तुमच्यापुढं गुप्त लिपीचं काय चालायचं न्हाई."

*

मे महिन्यात सुनीता आली. कर्जतच्या पलीकडच्या एका गावात ती अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या वस्तीत तिची मावशी राहते, त्या ओळखीनं आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची.

मग म्हणाली, "ताई, टँकर गावच्या हिरीवर येतच न्हाई. तात्याच्या डाळिंबात रिकामा हुतो. बाया दोन कोसावनं पानी आणत्यात. मी सवता बगितलं, एकदा न्हाई, लई येळा."

तात्या म्हणजे टँकरचा ठेकेदार. गावात त्याच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, आणि अंगणवाडीत कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, तेही तोच ठरवतो.

"अर्ज करू," मी म्हटलं. मला तर स्फुरणच चढलं.

"कराच. पर नाव भाईर गेलं तर माजी नोकरी त्या दिवशी गेली. घरात दुसरं कुनी कमावतं न्हाई."

"नाव मी, मामा आणि पुण्याची माझी मैत्रीण, एवढ्यांनाच कळेल. ती थेट अधिकाऱ्यांच्या हातात अर्ज देईल. चौथ्या माणसाला कळणार नाही."

मामांनी अर्ज टाइप केला. खाली तिचं नाव, गाव. मैत्रिणीला पुण्यात उतरवून घेता यावा म्हणून मी तो अमेरिकेच्या गोदामात ठेवला. फाइलला नाव दिलं 'टँकर', पुढं गावाचं नाव, तेही इंग्रजी अक्षरांत, म्हणजे तिला चटकन सापडेल. आमचा फॉन्ट तिच्याकडंही होता; तिनं अर्ज अधिकाऱ्यांच्या हातात दिला, पण उत्तर काही आलं नाही.

'सगळ्यांना दिसावं'ची खूण मला आठवतही नव्हती. आणि आठवली असती तरी मी म्हटलं असतं, आपण पत्ता सांगितल्याशिवाय त्या गोदामात कोण कशाला येतंय?

*

कट्ट्यावर मराठीत लिहिलेलं बाहेरच्यांना वाचता यायचं नाही. त्यांच्याकडं आमचा फॉन्ट नव्हता. मी म्हटलं, फॉन्टच कट्ट्यावर ठेवू, ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा.

काका हटून बसले. "फॉन्ट आणायला पुण्याला मी गेल्तो. येष्टीत उभ्यानं. लोकांनी घरबसल्या का न्यावा?"

मी दोन महिने रोज भांडले. एकदा तर त्यांना संकुचित म्हटलं, एकदा सरंजामी. 'सरंजामी' त्यांना आवडलं. "आमचे आजोबा पाटलाकडं गडी होते," म्हणाले, "त्यांना सांगायला पाहिजे होतं."

फॉन्ट काही त्यांनी ठेवू दिला नाही. आता मी रोज सकाळी त्यांना आधी चहा देते. का, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

*

ऑक्टोबरात एक ईमेल आला. मूळचे पारनेरचे, आता अमेरिकेत राहणारे कुणी गृहस्थ. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. कट्टा फार आवडला, गावची आठवण आली. आणि मग: "तुमच्या पानांवरून फिरता फिरता आतल्या गोदामात गेलो. दार उघडंच होतं. श्री. बोरुडे यांचं रेशनकार्ड पाहिलं, कुटुंबात सहा माणसं दिसतात, सर्वांना नमस्कार. सत्तावीस जणांचे बायोडेटा पाहिले. 'टँकर' नावाची फाइल आहे, ती उघडली, पण अक्षरं वाचता येत नाहीत. कृपया फॉन्ट पाठवावा."

दार उघडंच होतं. पाच महिने. साऱ्या जगाला. आणि सुनीताचं नाव आणि जग यांच्या मधे उभे होते ते फक्त काकांचे येष्टीतले उभ्यानं काढलेले तीन तास.

काकांना ईमेल वाचून दाखवला. त्यांना एकाच गोष्टीचा आनंद झाला. "सर्वांना नमस्कार सांगितलाय. माणूस चांगला आहे. पाठवून दे त्याला फॉन्ट."

"काका!"

"का? एवढे दिवस तूच म्हणत होतीस ना?"

*

दार लावायचं तर पासवर्ड हवा. पासवर्ड मीच ठेवला होता. कुठल्याशा मासिकात वाचून लांबलचक, अक्षरं आणि आकडे मिसळून, कुणाला ओळखता येणार नाही असा. तो मलाही कधी पाठ झाला नाही. काकांनी तो पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. त्यांचं तत्त्व साधं होतं: घराची चावी कोनाड्यात, दुकानाची पायपुसण्याखाली, कागद हरवतो, भिंत हरवत नाही.

भिंत हरवली होती. दिवाळी जवळ आली म्हणून काकांनी तीन दिवसांपूर्वी आतून चुना मारून घेतला होता.

मी ब्लेड घेऊन चुना खरवडायला बसले. तासाभरात काकांच्या मेहुण्याचा जुना फोन नंबर निघाला, गॅसचा नंबर निघाला, 'मंगळवारी दूध नाही' निघालं. पासवर्ड नाही. मी रडकुंडीला आले. शेवटी काका जाऊन रंगाऱ्यालाच घेऊन आले.

"ते खडूनं ल्हेलेलं व्हय?" रंगारी म्हणाला. "इंग्रजी, लांबडं? ते मी पुसलं न्हाई ताई. मला म्हत्त्वाचं वाटलं. आदी उतरून ठिवलं, मंग चुना मारला."

"कुठं उतरून ठेवलंत?"

तो आम्हाला बाहेर रस्त्यावर घेऊन गेला. तो मूळचा बोर्ड रंगवणारा. 'इंटरनेट' या बोर्डाच्या बरोबर खाली, वीतभर उंचीच्या अक्षरांत, लाल ऑइलपेंटनं, काळी सावली देऊन, आमचा पासवर्ड.

तीन दिवस अख्खं दिल्लीगेट त्याच्याखालून ये-जा करत होतं. काकांनी डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर काढलंय."

*

पासवर्ड मिळाला, मोडेमवरून इंटरनेटसाठी पुण्याला लावायचा फोनही लागला. फोन लागला की आमच्याकडं घाई करावी लागते, कधी तुटेल सांगता येत नाही. मी दार लावायचा चौकोन शोधत होते. अमेरिकन कंपनीनं तो मधल्या काळात दुसरीकडं हलवला होता.

मामा शेजारच्या मशीनवर बसले होते. म्हणाले, "दार लागेल तेव्हा लागेल. तोवर ती अर्जाची फाइल मला दे. नाव आधी काढू. अर्ज लोकांनी वाचला तर वाचू दे, चांगलंच आहे. नाव तिचं दिसता कामा नये."

पाच मिनिटांत त्यांनी शेवटच्या ओळी बदलून फाइल परत दिली. मी ती न वाचताच जुन्या फाइलवर चढवली. आणि तेवढ्यात फोन मेला. चितळे रोडला कुणीतरी खोदकाम काढलं होतं, केबल तुटली. आठ दिवस लाइन नाही. तेवढे दिवस दार उघडं ते उघडंच राहिलं. आत निदान नाव नसलेला अर्ज होता, एवढंच समाधान. पण त्याआधीच्या पाच महिन्यांत जुना अर्ज कुणी उतरवून घेतला असेल तर?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी कर्जतला गेले, तिथून वडापच्या जीपनं सुनीताच्या गावाला. तिला सगळं खरं सांगितलं. ती लेकरांना उसळ वाढत होती. वाढता वाढता ऐकलं.

"म्हंजी अमेरिकेला दिसलं?"

"दिसलं असेल. वाचता आलं नसेल."

"अमेरिकेला दिसू द्या की. तितनं कोन येतंय माजी नोकरी घालवाया?" तिनं पळी ठेवली. "तात्याला दिसू नये, बास. तेवडं बगा, ताई."

परतीच्या प्रवासात मी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याकडेला बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. मला त्यांच्याकडं नीट बघवेना.

*

तात्या आले ते दिवाळीनंतरच्या मंगळवारी. दुपारची बॅच चालू होती. पंधरा मुलंमुली टाइपरायटर बडवत होती. मी कॉम्प्युटरच्या दारात उभी. आत आले ते पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले जाडजूड गृहस्थ. आजूबाजूला कुणी नसल्यासारखे सरळ मामांच्या टेबलाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले.

"राम राम. टँकर चालतात आमचे, कर्जतकडं," म्हणाले. आवाज मोठा. जन्मभर डिझेल इंजिनाजवळ उभं राहून त्यांना कमी ऐकू यायचं. "पुतण्या पुन्याला कालेजात हाय. तुमच्या त्या कट्ट्यावर दोस्त्या करत बसतो. त्यात आमच्या गावाच्या नावाचा कागद घावला म्हणला. ह्यो बगा."

त्यांनी खिशातून घडी काढून टेबलावर उलगडली. पानभर खिचडी.

"पुन्यात कुनाला वाचता येईना. मराठीय म्हनत्यात. तुमच्याच पानावर घावलंय, तवा म्हटलं वाचायचं बी तुमालाच येत आसंल."

"कागद कधीचा आहे हा?" मी विचारलं.

"ते काय ठावं न्हाई. पोरानं काडला, मला दिला. कुनी ल्हिलाय तेवडं कळू द्या. बाकीचं मी बगतो."

कागद जुना असला तर खाली सुनीता होती. नवा असला तर खाली कुणीच नव्हतं, असं मी धरून चालले होते. दुरून मला काही कळायला मार्ग नव्हता. जवळून कळेल असा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

मामांनी कागद घेतला. चष्मा वर सरकवला. वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "वाचतो. पण सगळं वाचेन. मधलं गाळणार नाही."

"वाचा की. मोठ्यानं वाचा, मला कमी ऐकू येतं."

मामांनी हात वर केला. बॅच थांबवायची त्यांची ती खूण. पंधरा टाइपरायटर एकदम गप्प झाले. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

आणि मामांनी वाचायला सुरुवात केली. तीस वर्षं डिक्टेशन देणारा आवाज, एकेक शब्द सुटा, स्वल्पविरामाला थांबून. गावासाठी मंजूर असलेला टँकर गावच्या विहिरीवर येत नाही. तो ठेकेदारांच्या डाळिंबाच्या बागेत रिकामा होतो. ठेकेदारांचं पूर्ण नाव. बागेचा गट नंबर. गावातल्या बाया दोन कोसांवरून पाणी आणतात. तरी साहेबांनी समक्ष येऊन पाहावे. पंधरा मुलं ऐकत होती. काकाही आत येऊन उभे राहिले. पायरीवर चहावाला थांबला.

तात्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. पण एवढ्या लोकांसमोर कागद हिसकावून घेणंही बरं दिसलं नसतं.

"नाव वाचा," ते म्हणाले. "खालचं नाव."

मी दाराची चौकट घट्ट धरली.

मामा त्याच आवाजात म्हणाले, "आपला नम्र, शांतवन. टायपिंग इन्स्ट्रक्टर, दिल्लीगेट, नगर."

तात्यांनी मामांकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, परत मामांकडं पाहिलं.

"तुमी?"

"अजून एक ओळ आहे," मामा म्हणाले. "वाचू?"

"वाचा."

"या अर्जाबाबत काही बोलायचे असल्यास भेटण्याची वेळ: दुपारी दोन ते पाच, रविवार सोडून."

तात्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अडीच वाजले होते.